मानेतला पट्टा वाचायचाय: गटाच्या लेन्सच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

ठरलं एकदाचं. वर्गणी आणि मागच्या दोन सहलींचे उरलेले पैसे मिळून आमच्या पक्षीनिरीक्षण गटासाठी एक टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) झूम लेन्स घ्यायची, वापरलेली. कॅमेरा आहेच. गटातले एकजण मिररलेसवर गेले आणि त्यांनी जुनी निकॉन डी५०० गटाला देऊन टाकली. लेन्स ज्याला हवी त्याने वहीत सही करून न्यायची आणि सोमवारी परत आणायची.

लेन्स कशासाठी, यावर मात्र तासभर वाद झाला. सुंदर फोटो ज्याला काढायचेत त्याने स्वतःच्या पैशाने काढावेत, असं मी बोलून गेलो. दोघं रुसले. पण गटाची गरज खरंच वेगळी आहे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते आणि आपण भिगवणला जातो. तिथे पट्टकादंब हंस उतरतात. मंगोलियात या हंसांच्या मानेत कोड लिहिलेले प्लास्टिकचे पट्टे अडकवतात आणि असे हंस भारतात बऱ्याच ठिकाणी दिसलेत. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीला दुर्बिणीतून असा एक दिसला होता. फोटोत मानेभोवती नुसता रंगाचा डाग आला. कोड वाचता आला नाही, नोंद गेली ती गेलीच.

म्हणून प्रश्न एवढाच धरायचा: कोणत्या लेन्सने पट्टा किती लांबून वाचता येतो?

गटातल्या अण्णांकडे निकॉनची २००-५०० आहे, ताईंकडे सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी (आकडे मिलिमीटरचे; आकडा मोठा तेवढं लांबचं मोठं दिसतं). दोघंही महिनाभर तपासायला द्यायला तयार आहेत. तपासणी माझ्या गळ्यात पडली, कारण मी भोसरीत वीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. अण्णा म्हणाले, "तपासायचं काय त्यात? कंपनीची ती कंपनीची. गाडीला लोकल पार्ट घालशील का तू?"

"अण्णा, आम्ही बनवतो तो पार्टपण कुणाच्या तरी लेखी लोकलच असतो."

त्यांनी चहा पुढे केला. म्हणजे मुद्दा मान्य नाही, पण वाद पुरे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच बोटाला शाई लावून आलो आणि गेज, म्हणजे तपासायचा नमुना, करायला बसलो.

दीड इंची पीव्हीसी पाइपचे सहा तुकडे कापले, स्प्रेने रंगवले. त्यावर पांढऱ्या स्टिकरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे लावले. उंची १५ मिलिमीटर, रेघेची जाडी अडीच. जोड्या मुद्दाम फसव्या निवडल्या: बी आणि ८, सी आणि जी, ई आणि एफ. तुकडा काठीवर खोचला की लांबून हंसाची मान म्हणून खपून जातो. बायको म्हणाली, बुजगावण्याची पोरं दिसताहेत.

मग हिशेब. डी५०० चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि त्यावर आडवे ५५६८ पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल सव्वाचार मायक्रॉनचा. १५ मिलिमीटरचं अक्षर १०० मीटरवरून ६०० च्या लेन्समध्ये ९० मायक्रॉनचं उमटतं, म्हणजे २१ पिक्सेल उंच. ५०० च्या लेन्समध्ये १८. दीडशे मीटरवर हेच आकडे १४ आणि १२ होतात, दोनशेवर ११ आणि ९. दीडशेला रेघेची जाडी जेमतेम दोन पिक्सेल उरते, आणि बी की ८ हे त्या दोन पिक्सेलांवर ठरतं.

लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र किती बंद करायचं तेही इथेच कळतं (एफपुढचा आकडा वाढला की छिद्र लहान). लेन्स कितीही निर्दोष असली तरी प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, त्याची टिकली होते. एफ/८ ला तिचा व्यास साधारण पावणेअकरा मायक्रॉन, म्हणजे अडीच पिक्सेल. एफ/११ ला साडेतीन पिक्सेल. तिथे अक्षराची रेघ टिकलीतच बुडते. म्हणून एफ/११ ची चाचणीच घ्यायची नाही. उघडं छिद्र आणि एफ/८, बस्स.

कागदावरची बाकी माहिती एका दमात: निकॉन २००-५०० बाजारात २०१५ ला आली, सगळीकडे एफ/५.६, कॉलरसकट (स्टँडवर बसवायचं कडं) २३०० ग्रॅम, १९ भिंगं. सिग्मा कंटेम्पररी एफ/५ ते ६.३, १९३० ग्रॅम, २० भिंगं. दोन्हींच्या तोंडाला ९५ मिलिमीटरचा फिल्टर. टॅमरॉनची १५०-६०० जी२ पण यादीत होती, पण गटात कुणाकडे नाही, म्हणून सोडून दिली.

गंमत म्हणून दोन्ही लेन्सचा बुडखा पाहिला. 'परकी' सिग्मा जपानची, 'कंपनीची' निकॉन चीनमध्ये बनलेली. अण्णांना सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली चाचणी, आणि वाया गेली.

आळंदीच्या पुढे उसाच्या फडाकडेनं एक सरळ पाणंद आहे. ५० मीटरचा टेप चार वेळा टाकून खुणा केल्या. कार्तिकी दोन दिवसांवर, मोठ्या रस्त्यावर दिंड्याच दिंड्या. एक वारकरी बाबा दिंडी सोडून खास बघायला आले. काठीवरचा पाइप, शंभर मीटरवर तोफेसारखी लेन्स. "माऊली, काय दिसतंय?" मी डोळा लावू दिला. "आठ," ते म्हणाले. तो बी होता. वहीत टिपलं.

सकाळी सात वाजता काढलेले पहिले चाळीसेक फोटो दोन्ही लेन्सचे मऊ. निकॉनही, सिग्माही. मला वाटलं स्टँड हलतोय. व्हीआर आणि ओएस, म्हणजे दोन्ही लेन्समधल्या हादरे सावरणाऱ्या यंत्रणा, बंद केल्या, आरसा आधी वर उचलून दोन सेकंदांनी शटर सोडलं. फरक शून्य. साडेसातनंतर काही न करता फोटो आपोआप सुधारत गेले.

कारण घरी येऊन कळलं. दोन्ही लेन्स गाडीत होत्या, गाडीत हीटर चालू होता. बाहेर कडक थंडी. नळी गरम, बाहेरची हवा गार. लेन्सच्या तोंडावरच्या लांबलचक हूडमध्ये गरम हवा अडकून भिंगासमोर सळसळत राहते. बाहेर मृगजळ दिसत नव्हतं, कारण मृगजळ हूडमध्येच होतं.

यापुढे लेन्स आदल्या रात्रीच गॅलरीत.

१ डिसेंबर, रविवार

आजची चाचणी धरायची.

तीच पाणंद. लेन्स गार, बीन बॅग स्टँडवर, तिच्यात ज्वारी भरलेली. थर्मोकोलची पिशवी हलकी, पण वाऱ्यात हलते. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे सेन्सरवरच. आज फक्त काच तपासायची, कॅमेऱ्याचा फोकस नाही. दर खुणेवर प्रत्येक लेन्सचे दहा फोटो, त्यातला सर्वांत चांगला निवडायचा.

अर्ध्या तासात लक्षात आलं की अण्णांची लेन्स शंभर मीटरवर पांढऱ्या अक्षरांभोवती धुरकट कड दाखवतेय. पुढे पाहिलं तर यूव्ही फिल्टर. फोन लावला.

"अण्णा, फिल्टर काढतो."

"अरे नको, काच आहे ती! ओरखडा पडला तर?"

"काच वाचवायला आपण काचेवर दुसरी काच लावलीय, आणि ती लाखाच्या लेन्सवर हजाराची आहे."

"हजाराची नाही रे, सहाशेची." मग थोडा वेळ शांतता. "काढ. पण डबीत ठेव."

काढला. कडा आवळल्या. पाचशे मिलिमीटरवर सपाट काचेतली बारीकशी वाकणूकही मोठी होऊन दिसते, पन्नासच्या लेन्सवर तोच फिल्टर खपून गेला असता. म्हणजे सहाशे रुपयांच्या काचेमुळे निकॉन हरलीच असती, आणि मी ते खरं मानून लिहूनही मोकळा झालो असतो.

आता निकाल. वाचायचं काम मी केलं नाही, मला कोड पाठ आहेत. ताईंचा बारावीतला मुलगा, माझी बायको आणि शेजारचे काका अशा तिघांना कापलेले फोटो दाखवले, कुठला फोटो कुठल्या लेन्सचा ते न सांगता. तिघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहिलं.

१०० मीटर, एफ/८: दोन्हींचे सगळे कोड तिघांनी बरोबर वाचले. इथे ज्याला फरक दिसतो त्याने तो बघत बसावा, गणनेला त्याचा उपयोग नाही.

१०० मीटर, उघडं छिद्र: निकॉन ५.६ ला जवळजवळ तशीच्या तशी. सिग्मा ६०० वर ६.३ ला किंचित मऊ, अक्षराच्या कडा दुधात बुडवून काढल्यासारख्या. वाचता आले, पण काकांनी चष्मा पुसला.

१५० मीटर, एफ/८: सिग्मा तिघांना वाचता आली. निकॉनचा बी तिघांना, सी-जी दोघांनाच. काच म्हणून पाहिलं तर निकॉनची अक्षरं जास्त रेखीव होती, पण लहान. सिग्माची थोडी जाड, पण मोठी. रेखीव आणि लहान की जाड आणि मोठं, यात वाचणाऱ्याला मोठं बरं पडलं.

१५० मीटर, उघडं छिद्र: बरोबरी, आणि दोन्ही वाईट.

२०० मीटर: पट्टा आहे एवढं कळतं. कोड नाही.

मग अकरा वाजता, ऊन चढल्यावर, मुद्दाम पुन्हा काढलं. दीडशेवरचा पाइप पाण्यात बुडवल्यासारखा डुलत होता. सलग दहा फोटोंत त्याच बीचे तीन वेगवेगळे आकार आले. जमीन तापली की तिच्यालगतची हवा पातळ होते, वरची जाड राहते, आणि प्रकाश त्या थरांतून वाकतवाकत येतो. ते लेन्सच्या आधीच घडून गेलेलं असतं. गणनेच्या सूचनांत घालायचं: पट्टे नऊच्या आत, शक्यतो पाण्यावरून. जमिनीवरून दहानंतर कॅमेरा बाहेरही काढू नये.

रंगाची किनार दोन्हींना कोपऱ्यात थोडी आहे. रॉ फाइल उघडताना एका खुणेने जाते. त्यावर वेळ घालवणार नाही.

४ डिसेंबर, बुधवार

कामावरून आल्यावर एक शंका फेडून घेतली. ताई म्हणतात, अंगणातल्या वेड्या राघूला त्यांची ६०० आणि अण्णांची ५०० जवळजवळ सारखंच मोठं दाखवतात. असं कसं?

कंपन्यांनी छापलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. सिग्मा कमीत कमी २.८ मीटरवर फोकस होते आणि तिथे वस्तू प्रत्यक्षाच्या एक पंचमांश उमटते. शाळेतलं भिंगाचं सूत्र लावलं तर खरोखरच्या ६०० मिलिमीटरच्या साध्या भिंगाने त्याच अंतरावर ती जवळपास निम्म्याने उमटायला हवी. उलट हिशेब केला तर जवळ फोकस केल्यावर लेन्स भरते सुमारे ३९० मिलिमीटर. निकॉनचं तसंच: २.२ मीटरवर ०.२२ पट, म्हणजे सुमारे ३२५. फसवणूक नाही यात. आतली भिंगं सरकवून फोकस करणाऱ्या झूमचा हा स्वभावच आहे, अंगावरचा आकडा अनंतावरचा असतो. लांबच्या हंसाला ६०० जवळजवळ ६०० च मिळतात. अंगणातल्या राघूला कुणालाच काही मिळत नाही.

८ डिसेंबर, रविवार, कवडी पाट

काठीवरचे पाइप पुरे झाले. आज जिवंत पक्षी आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा फोकस.

मुळा-मुठेवर नेहमीचाच फेस आणि बंधाऱ्याला अडकलेलं पुण्याचं प्लास्टिक. तरी चक्रवाक आलेत, शेकाटे आहेत, नदीसुरय वरखाली करताहेत. आणि एक कवड्या धीवर, ज्याच्यासाठी मी आलो होतो. हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत टांगून राहतो आणि मग दगडासारखा पडतो. काळा-पांढरा असल्याने फोकस जरा चुकला तरी लगेच कळतो.

निकॉनचा फोकस पक्ष्यावर बसला की पक्का बसतो. सुटला की मात्र पार जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो, तेवढ्यात धीवर मासा गिळून मोकळा. ६ मीटर ते अनंत असं बटण आहे, ते लावलं की निम्मा त्रास जातो. सिग्मालाही १० मीटर ते अनंत आहे. ते बटण पहिला तासभर मीच विसरलो होतो, त्यामुळे त्या तासाची तुलना रद्द. बटण लावल्यावर दोन्हींत निवड करावी इतका फरक मला दिसला नाही. हातात धरल्यावर निकॉनचं व्हीआर मात्र सुरेख, बोट ठेवलं की चौकटीतला पक्षी चिकटवल्यासारखा थांबतो.

हाताळणीत खूप फरक आहे. सिग्माची झूम रिंग निकॉनच्या उलट फिरते. अण्णांनी वीस वर्षं एकाच दिशेला मनगट फिरवलंय. ते ६०० करायला गेले की १५० होते, आणि शब्द येतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. उलट निकॉनची रिंग २०० वरून ५०० पर्यंत न्यायला हात एकदा सोडून पुन्हा धरावा लागतो. सिग्मा हूडला धरून सरळ पुढे ओढता येते, ताई तेच करतात. ३७० ग्रॅमचा फरक पहिल्या अर्ध्या तासात कळत नाही. दोन तासांनी सगळ्यांनी न सांगता हलकी लेन्स आधी उचलायला सुरुवात केली.

जाताजाता एक मोठीच गोष्ट निघाली. गटातल्या दोघांकडे अजून डी९० आहे. त्यावर अण्णांची निकॉन लावली तर छिद्र बंदच होईना. २००-५०० चं छिद्र विजेच्या इशाऱ्यावर चालतं, डी९० ला तो इशारा देता येत नाही. लेन्स कायम उघड्या ५.६ वर. सिग्माला जुन्या पद्धतीचा यांत्रिक खटका आहे, ती डी९० वर मुकाट्याने एफ/८ ला गेली. घरच्या लेन्सने घरच्याच जुन्या कॅमेऱ्याला ओळख दाखवली नाही, परकीने दाखवली. अण्णा म्हणाले, "डी९० विकून टाका म्हणावं."

१४ डिसेंबर, शनिवार

वापरलेल्या कॅमेऱ्यांचं दुकान. मालक सज्जन, दुकानासमोर हवं तेवढं तपासू दिलं. त्यांच्याकडे चार नग होते, दोन या जातीचे, दोन त्या. पोऱ्याने १ ते ४ चिठ्ठ्या चिकटवून दिल्या. ॲक्टिव्हाच्या सीटवर ज्वारीची पिशवी, समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका क्लासची पाटी. पाटीवरचा दहा आकडी मोबाइल नंबर म्हणजे आयतं गेज.

तपासायची पद्धत: तीच पाटी आधी मध्ये धरायची, मग कॅमेरा वळवून एकेका कोपऱ्यात न्यायची. पाटी बदलत नाही, म्हणून चारही कोपरे सारखेच दिसायला हवेत.

नग १: आत टॉर्च मारला तर मागच्या भिंगावर बुरशीची जाळी. पुण्याच्या चार पावसाळ्यांची कमाई. बाद.

नग २: मधेही मऊ, कडेलाही मऊ. सगळीकडे सारखंच. बाद.

नग ३: छान. किंमत आमच्या आवाक्याबाहेर, मालक खाली येईनात.

नग ४: मध्य सुरेख, डावा वरचा कोपरा विरघळलेला. छिद्र बंद केलं तरी सुधारेना, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करूनही तसाच. पाटी तिरपी दिसते म्हणून असं होतंय का, हे पाहायला लेन्स कॉलरमध्येच फिरवून कॅमेरा उभा केला. चौकटीचा तोच कोपरा मऊ राहिला. पाटीचा दोष असता तर मऊपणा दुसऱ्या कोपऱ्यात सरकला असता. म्हणजे आतलं एखादं भिंग अक्षावरून हललंय. बहुधा कधीतरी पडलीय.

नग ४ कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. एका नगावरून अख्खा लॉट नापास करणं आमच्या धंद्यात बसत नाही, आणि पडलेल्या नगावरून तर नाहीच.

हात हलवत परत आलो.

१५ डिसेंबर, रविवार

रात्री दीड वाजता जाग आली ती नग २ मुळे.

सगळीकडे सारखाच मऊ? हललेल्या भिंगाचा मऊपणा एका बाजूला असतो, खराब काचेचा कडेला जास्त. अख्खी चौकट सारखीच मऊ म्हणजे काच बरी, फोकस चुकलाय. आणि नग २ ला मी लाइव्ह व्ह्यू लावलाच नव्हता. नग १ च्या बुरशीने वैतागलो होतो, घाईत व्ह्यूफाइंडरमधूनच फोकस केला.

कॅमेरा काढून मेनू पाहिला. मागच्या आठवड्यात मी आमच्या दोन्ही लेन्सची फोकस दुरुस्ती (व्ह्यूफाइंडरमधून केलेला फोकस पुढे-मागे पडतो, तो सावरणारा आकडा) डी५०० मध्ये साठवली होती. एकीला अधिक, एकीला उणे, असं होतंच. पण डी५०० ही दुरुस्ती लेन्सच्या जातीप्रमाणे साठवतो, नगाप्रमाणे नाही. एका जातीला एकच आकडा. नग २ लावल्याबरोबर कॅमेऱ्याने त्याला आमच्या लेन्सचं औषध पाजलं. निरोगी माणसाला शेजाऱ्याची गोळी.

वीस वर्षं पोरांना सांगतोय, आधी गेज शून्यावर आणा, मग मोजा. आणि स्वतः मात्र शून्य न करताच नग नापास करून आलो.

सकाळी दहाला दुकान उघडताच फोन. "दोन नंबर विकू नका, येतोय." मालक म्हणाले, "काल तर तुम्हीच खराब म्हणालात!" आता किंमत वाढणार, हे त्यांच्या आवाजातच कळलं.

दुपारी दुरुस्ती बंद करून आणि लाइव्ह व्ह्यूमध्येही तपासला. चारही कोपरे सारखे. मध्य ताईंच्या लेन्सपेक्षा तसूभर चांगलाच.

१८ डिसेंबर, बुधवार

नग २ घेतला. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, हूड, कॉलर आणि एका बाजूला घासलेली पिशवी. मालकांनी भाव वाढवला नाही, हे नमूद करायला हवं.

फोटोंच्या दर्जावर निकाल दिला असता तर माझा कौल अडला असता. उघड्या छिद्राला निकॉन, लांबच्या अक्षरांना सिग्मा, दोघींतला फरक एका फिल्टरपेक्षा कमी. माझ्यापुरता निर्णय झाला तो रात्री दीड वाजता. गटाची लेन्स पाच जणांच्या पाच कॅमेऱ्यांवर बसणार. दुरुस्ती कॅमेऱ्यात राहिली तर प्रत्येकाने आपापली करायची, आणि डी९० मध्ये तर ती सोयच नाही. सिग्माच्या बुडाला यूएसबी डॉक (संगणकाला जोडायची तबकडी) लावून ती लेन्समध्येच लिहिता येते: चार झूम, चार अंतरं, सोळा घरं. मग लेन्स जाईल तिथे तिची दुरुस्ती तिच्याबरोबर. निकॉनच्या झूमला कॅमेऱ्यात एकच आकडा, तो २०० ला लागू पडला की ५०० ला थोडा चुकतो.

ताईंकडे डॉक आहे. संध्याकाळी त्यांच्याकडे बसून केलं. सोळापैकी सहाच घरं भरली, ६०० ची चार आणि ४०० ची लांबची दोन. दीडशेला कोण हंस बघतंय. प्रत्येक बदलानंतर लेन्स डॉकवरून काढा, कॅमेऱ्याला लावा, गॅलरीतून टाकीवरचे आकडे टिपा, पुन्हा डॉक. ताईंची साबुदाण्याची खिचडी दोनदा गरम झाली. ताईंच्या लेन्सची दुरुस्तीही तिच्यातच हलवली आणि डी५०० मधली सिग्माची नोंद पुसली.

उरलेली अडचण: कॅमेऱ्याची स्वतःची चूक वेगळी असते, ती लेन्समध्ये भरता येत नाही. डी५०० धरून शून्य केलंय. बाकीच्यांनी एफ/८ ठेवावा. शंभर मीटरवर स्पष्ट दिसणारी खोली साडेतीन मीटरच्या आसपास मिळते, थोडंसं झाकलं जाईल.

अण्णांना कळवलं. उत्तरात नुसता अंगठा आला.

१२ जानेवारी २०२५, रविवार, भिगवण

गणना. पहाटे साडेपाचला डिकसळच्या बाजूला पोचलो. लेन्स रात्रभर बाहेर, गाडीचा हीटर बंद, सगळे कुडकुडत. मी कुणाकडे पाहिलं नाही.

यशवंतसागराला, म्हणजे उजनीच्या जलाशयाला, अजून पाणी बरंच आहे, चिखलाचे पट्टे उघडे पडलेले नाहीत, म्हणून रोहित थोडेच आणि लांब. पट्टकादंब मात्र हरभऱ्याच्या शेताकडे पाण्याच्या कडेला बसलेले. अंतर दीडशे ते दोनशे. उजेड आल्यापासून नऊपर्यंत ताईंनी आणि मी आळीपाळीने एकेका मानेवरून लेन्स फिरवली. खाली मान घालून चरणारा हंस वर बघेपर्यंत थांबायचं, एक फोटो, पुढचा. घरी येऊन सगळे फोटो मोठे करून पाहिले. एकाही मानेत पट्टा नाही. तक्त्यात आजवर या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारत होतो. या वेळी लिहिलं: तपासले, आढळले नाहीत.

तपासताना एका फोटोत, हंसांच्या पुढे पाण्यात उभ्या असलेल्या कुरवाच्या पायात धातूचं कडं दिसलं. साधारण १२० मीटरवर. कड्यावरचा आकडा तीन मिलिमीटर धरला तर तो साडेतीन पिक्सेलांत बसतो. एवढ्यात कुठल्याच कंपनीची लेन्स तो वाचणार नाही. दीडशेवर पाइप वाचला तेवढे पिक्सेल हवे असतील तर तीस मीटरवर जायला हवं.

फोनवरून नावाडीदादांना विचारलं, कुरव होडीला तीस मीटरवर येऊ देतो का.

"तीस कशाला? फरसाण टाका, हातावर येतंय."

पुढच्या वेळच्या सूचनांत लिहून ठेवलं: कड्यासाठी होडी सकाळी लवकर, इंजिन बंद करून. फरसाण नाही.